एझ्रा गेल्यावरची निवडणूक

१ सप्टेंबर, गुरुवार

पेपरात ऑरिनचा फोटो. पहिल्या पानावर. वॉशिंग्टनच्या कुठल्याशा हॉटेलात नाश्त्याला बसलाय, समोर पॅनकेकची चळत, आणि हातात ती बाटली! दुकानातली, पिचकारीवाली, रंगवलेल्या साखरपाकाची.

व्हरमाँटचा खासदार. अख्ख्या राज्याला एकच खासदार मिळतो आणि सव्वीस वर्षं तो हाच आहे. सख्खा भाऊ मेपलच्या झाडांचा रस आटवून सिरप करतो, त्यावर पोट भरतो. आणि हा नकली पाक ओततोय. थेंबभर नव्हे, चांगली धार लागलीय. वर कॅमेऱ्याकडे बघून हसतोय.

दुपारी तो सख्खा भाऊ आला. लाइल रागात असला की घरात येत नाही, उंबऱ्यावर उभा राहून बोलतो.

"वहिनी, हे काय?"

"फोटो."

"ते दिसतंय. बाटली कसली?"

"वाचता येतं ना तुला?"

"वाचता येतं म्हणूनच आलो. चाळीस वर्षं मार्चचा महिनाभर त्या वाफेत उभा असतो मी. डोळ्यांची वाट लागली माझ्या. आणि माझा भाऊ —"  जाताना आमच्या फळीवरची सिरपची बरणी उचलून घेऊन गेला. त्यानेच दिलेली होती. अर्धी उरली होती, चांगल्यातली.

संध्याकाळी कर्टिसचा फोन. हा ऑरिनचा प्रचारप्रमुख, वॉशिंग्टनचा, बूट कायम चकचकीत. "होगबाई, साहेबांना त्या हॉटेलात नेलं कोणी?"

म्हटलं, "साहेब बहात्तर वर्षांचे आहेत. स्वतःच्या पायांनी गेले असतील."

३ सप्टेंबर, शनिवार

ऑरिन घरी आला, नेहमीसारखा शनिवार-रविवारपुरता. फोटो समोर ठेवला.

"भूक लागली होती," म्हणाला. विषय संपला.

७ सप्टेंबर, बुधवार

कर्टिसचा फोन. आवाजात साखर. सर्वेक्षणात ऑरिन वर गेला!

मला आधी खरं वाटेना. मग विचार केला तेव्हा उलगडलं. खरं सिरप महाग असतं. अर्ध्या राज्याच्या कपाटात तीच पिचकारीवाली बाटली आहे, पाहुणे आले की पिठाच्या डब्यामागे लपवायची. इतकी वर्षं सगळे मान खाली घालून जगत होते. आता खासदारच वापरतो म्हटल्यावर लोकांच्या छातीवरचा धोंडा उतरला. आमच्या पोस्टातल्या बाईने मला हळूच सांगितलं, "त्यांना म्हणावं, थँक यू." डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

लाइलला यातलं काही सांगितलं नाही.

१० सप्टेंबर, शनिवार

आज चिडचिड झाली दिवसभर. ती कुठेतरी काढायला हवी म्हणून इथे.

दोन वर्षांपूर्वी निवडून आला तेव्हा बूट काढता काढता म्हणाला होता, "व्हर्ना, ही शेवटची." मी काही बोलले नाही. आमच्याकडे असल्या गोष्टींवर बोलत नाहीत. पण मनात खूण केली. मेंढ्यांच्या गोठ्याला नवी खिडकी करायची ठेवून दिली, म्हटलं, हा घरी राहायला आला की दोघं मिळून करू.

मग या मार्चमध्ये लाइलच्या भट्टीवर गेलो होतो. रस उकळत होता, वाफेत एकमेकांचे चेहरेही दिसत नव्हते. ऑरिन म्हणाला, "पक्षवाले म्हणतात अजून एकदा उभा राहा, दुसरं कोणी तयार नाही. काय सांगू त्यांना?"

मी म्हटलं, "तुझं तू बघ."

झालं. त्याने त्याचं बघितलं. आठवड्याभरात पक्षाला शब्द देऊन मोकळा. आणि होगांच्या घरात शब्द दिला म्हणजे दिला. याच्या आजोबांनी एका बैलजोडीचा सौदा तोंडी केला होता. न्यायला गेले तर एक बैल मेलेला. तरी पूर्ण जोडीचे पैसे मोजले आणि मेलेला बैल ओढत घरी आणला. ही गोष्ट मला लग्नाआधी तीनदा ऐकवली होती, अभिमानाने. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पण 'तुझं तू बघ' याचा अर्थ काय ते इतक्या वर्षांच्या बायकोचं तोंड बघून कळू नये? बरोबर आहे. वाफ होती.

१४ सप्टेंबर, बुधवार

म्हातारी मेंढी फुगली होती. नडीन टीबोला बोलावलं. ती जनावरांची डॉक्टर. आसपासच्या चार खोऱ्यांत तीच एक. आणि तीच ऑरिनच्या विरोधात उभी आहे. म्हणून काय मेंढी फुगायची थांबते?

गाडीवर तिच्या प्रचाराचे फलक, मागच्या सीटवर दोरखंड आणि वासराची लाळ लागलेले हातमोजे. भाषणाला निघाली होती, चांगला कोट अंगात. कोट काढून कुंपणावर टाकला आणि मेंढीच्या घशात नळी घातली. मेंढीने एवढा वारा सोडला की आम्ही दोघी मागे सरकलो.

"या प्रचारात आतापर्यंत ऐकलेलं सगळ्यात प्रामाणिक भाषण," नडीन म्हणाली.

हात धुताना म्हणाली, "होगबाई, तुमच्याकडे मत मागणार नाही मी. तेवढं कळतं मला."

"मागूही नको."

"पण एक विचारू? ते असं का करतात? मी वर्षभर अभ्यास करून दुधाच्या भावावर बोलते, आणि ते नुसता पाक ओतून दोन टक्के वर जातात."

मला तरी काय माहीत. वय झालं असं म्हटलं.  खरंच वय झालं असेल तर? तिकडे एकटा असतो, चाव्या हरवतो, गॅस चालू ठेवतो की काय कोण जाणे.

मुलगी आवडली मला. कोट मात्र कुंपणावर विसरून गेली.

२२ सप्टेंबर, गुरुवार

कर्टिस गावात आला होता. चकचकीत बुटांनिशी आमच्या अंगणातून चालला, जे व्हायचं ते झालं.

त्याच्या डोक्यात नवीन खूळ. मार्श कॉर्नरमध्ये आम्ही चाळीसेक मतदार, आणि दर वेळी सगळी मतं ऑरिनला पडतात, एक सोडून. ते एक मत एझ्रा बॅटनचं. तरुणपणी ऑरिनने एझ्राची दगड ओढायची फळी उसनी नेली आणि तडा घालून परत केली. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत एझ्रा विरोधात. चोरून नाही! मत टाकून टाउन हॉलच्या पायरीवर उभा राहायचा, ऑरिन आला की म्हणायचा, "तुझ्याविरुद्ध दिलं रे." ऑरिन टोपी काढून म्हणायचा, "आभारी आहे." मग दोघं जाऊन एकाच ताटलीतून पाई खायचे.

फेब्रुवारीत एझ्रा गेला. शवपेटीला ऑरिनने खांदा दिला, आणि नंतर गोठ्यात जाऊन बराच वेळ बसून राहिला.

कर्टिसला त्यात काय दिसलं? "होगबाई, या वर्षी एकही मत विरोधात नाही! जन्मगाव एकमुखाने पाठीशी! टीव्हीवाले येणार, मोजणी दाखवणार." कापडी फलकही करायला टाकलाय — 'मार्श कॉर्नर: सगळे होगबरोबर'.

मेल्यानंतर एझ्राचा असा उपयोग होईल हे त्याला कळलं असतं तर तो मेलाच नसता.

२ ऑक्टोबर, रविवार

रंगलेली पानं बघायला शहरी मंडळी आली. एकाने आमच्या म्हाताऱ्या मेंढीबरोबर फोटो काढून घेतला. ऑरिनच्या पोस्टरपेक्षा तिचा चेहरा बरा आला असणार.

८ ऑक्टोबर, शनिवार

चर्चमध्ये चिकन पाईचं जेवण. ऑरिनला चार शब्द बोलायला सांगितले. उभा राहिला, तोंड पुसलं, म्हणाला, "सव्वीस वर्षांत मी तुमच्यासाठी काय काय केलं ते गाडीत येताना आठवत होतो. एक पूल आठवला. दुसरं काही आठवेना. तोही पूल पुरात गेला."

आणि बसला.

कर्टिसने डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, आता मात्र आटोपलं. कुठचं काय! लोक टेबलं बडवून हसत होते. ब्यूला क्रॉस, आमच्या गावची कारकून, जी कधी हसत नाही, ती डोळे पुसत म्हणाली, "एवढं खरं बोलणारा पुढारी पाहिला नाही बाई."

ऑरिन ताटात बघत होता. तोंड उतरलं होतं त्याचं. मला वाटलं, पूल आठवून वाईट वाटलं असेल.

१७ ऑक्टोबर, सोमवार

रेडिओवर दोघांची जुगलबंदी. मी मेंढ्यांना चारा घालता घालता ऐकली. नडीनने दुधाच्या भावावर झकास मुद्दे मांडले. निवेदक म्हणाला, होगसाहेब, तुमचं उत्तर?

"टीबोबाईंचं बरोबर आहे," ऑरिन म्हणाला.

"पण मग तुम्ही इतकी वर्षं उलट मत का दिलंत?"

"चुकलं माझं."

निवेदकाने मध्येच जाहिरात लावली. मेंढ्यांनी खायचं थांबवलं.

आता तो पडणार, असं मला आनंदाने वाटलं. आनंदाने! हे लिहिताना हात थांबला, पण खरं आहे ते. पडला की घरी येईल.

१९ ऑक्टोबर, बुधवार

अजून वर गेला. पेपरवाले लिहितात, 'मोठ्या मनाचा माणूस.' नडीनचा फोन आला, मेंढी कशी आहे विचारायला. मेंढी बरी आहे म्हटलं. नडीन म्हणाली, "मी नाही."

२५ ऑक्टोबर, मंगळवार

वादळी वाऱ्याने आमच्या रस्त्यावरचा नडीनचा फलक पाडला. ऑरिन पडत्या पावसात हातोडा घेऊन गेला आणि तो पुन्हा ठोकून आला. आमच्या स्वतःच्या कुंपणाला! पेपरवाला जवळच होता. आता तो फोटो राज्यभर. कर्टिस म्हणतो, लोक तो कापून फ्रिजवर लावताहेत.

"तिचाच कशाला ठोकलास?" मी विचारलं.

"पडला होता."

"तुझाही पडलाय."

"हो का? मला दिसला नाही."

नजरही गेली की काय. मोतीबिंदूचं बघायला हवं.

३० ऑक्टोबर, रविवार

ठरलं. मी नडीनला मत देणार.

नीट लिहून ठेवते, म्हणजे ऐनवेळी मागे फिरायला नको. तिचे मुद्दे चांगले आहेत, ते आहेतच. पण खरं कारण ते नाही. मला नवरा घरी हवाय. या वयात हे लिहायला लाज वाटते, पण हवाय. सव्वीस वर्षं मी एकटीपुरतं सूप करते आणि ते तीन दिवस खाते. रविवारी दुपारी तो बॅग भरायला लागला की मी मुद्दाम गोठ्यात जाते, म्हणजे बघावं लागत नाही.

अडचण एझ्राची. तो असता तर माझं मत त्याच्या आडोशाला लपलं असतं. दोन मतं निघाली असती, लोक म्हणाले असते, एझ्रा दोनदा शिरला. आता सगळ्या टीव्हीसमोर नवऱ्याच्या गावात एकच मत विरोधात निघेल, आणि ते बायकोचं असेल. कुणाला कळणार नाही, कबूल. पण मला तिथे पाई घेऊन उभं राहायचंय, चेहरा सरळ ठेवून.

७ नोव्हेंबर, सोमवार

सफरचंदाच्या चार पाई केल्या. एक करपली. ती टीव्हीवाल्यांना.

८ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं लिहायचंय, झोप येत असली तरी.

सकाळी दोघं बरोबर गेलो. टाउन हॉलच्या पायरीवर, एझ्रा उभा राहायचा त्या जागेपाशी, ऑरिन थांबला. टोपी काढली. टीव्हीवाल्यांना वाटलं त्यांच्यासाठीच, त्यांनी पुन्हा काढायला लावली.

मी आधी आत गेले. पडद्यामागे पेन्सिल दोरीला बांधलेली असते, ती हातातून सुटून दोनदा लोंबकळली. मग केली खूण. टीबो. घडी घातली, ब्यूलाच्या लाकडी पेटीत टाकली, बाहेर येऊन पाई कापायला लागले. तुकडे वेडेवाकडे झाले. मग ऑरिन. आत गेला आणि लगेच बाहेर. कॅमेऱ्यासमोर मतपत्रिका उंच धरली, दोनदा घडी घातलेली, आणि माझ्याकडे बघून डोळा मारला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मोजणी. आमच्याकडे हातानेच मोजतात. ब्यूला वाचते, समोर बसलेला रेघा मारतो, बाकी गाव बाकांवर. कर्टिस तो कापडी फलक गुंडाळून तयारीत, दोन टोकांना दोन माणसं.

"होग. होग. होग. होग." ब्यूलाचा आवाज एका सुरात. लाइल माझ्या शेजारी बसून लाकूड तासत होता. "होग. होग."

मग थांबली. चष्मा काढला, पुसला, घातला.

"टीबो."

 फलकाचं एक टोक खाली आलं. मी समोरच्या भिंतीवरच्या राज्याच्या नकाशाकडे बघत होते. आयुष्यात एवढा नकाशा पाहिला नसेल. आणि मग एकेक मान वळायला लागली. माझ्याकडे नाही! लाइलकडे. सिरपचा राग सगळ्यांना माहीत होता.

"होग. होग. होग." ब्यूला पुढे वाचू लागली. मी श्वास घेतला.

"टीबो."

आता मात्र मीही वळले. दुसरं? दुसरं कोणाचं?

लाइलच्या हातातलं लाकूड खाली पडलं. "माझ्याकडे काय बघताय सगळे?" तो म्हणाला.  टीव्हीवाल्याने विचारलं, फलक दाखवायचा का? कर्टिस म्हणाला, नाही. ऑरिन उठून ब्यूलाला म्हणाला, "छान मोजलंस," आणि पाईच्या टेबलाकडे गेला.

९ नोव्हेंबर, बुधवार

निवडून आला. थोडक्यात, पण आला. अजून दोन वर्षं.

रेडिओ बंद करून तो खिडकीशी उभा राहिला. मी म्हटलं, "अभिनंदन." तो म्हणाला, "हं." आम्ही अंडी खाल्ली. मला रडू येत होतं, म्हणून मिरपूड जास्त घातली.

नडीनने फोन करून त्याचं अभिनंदन केलं. ऑरिन तिला म्हणाला, "पुढच्या वेळी जोर लाव जरा." हे काय बोलणं झालं?

१० नोव्हेंबर, गुरुवार

कर्टिस गेला. तो कापडी फलक मागे सोडून. मी तो गोठ्याच्या खिडकीला ठोकला, वारा आत यायचा थांबला. खिडकी आता कधी होणार! 'सगळे होगबरोबर' हे आतल्या बाजूला ठेवलंय, मेंढ्यांना वाचायला.

लाइलशी गाव बोलत नाही. पोस्टातल्या बाईने त्याची पत्रं खिडकीतून सरकवली, हातात दिली नाहीत. दुकानात कोणीतरी म्हणालं, रक्ताचा भाऊ, एका बाटलीसाठी. तो संध्याकाळी आमच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला.

"वहिनी, मी त्यालाच दिलं. शपथेवर. चिडलो होतो, तरी दिलं."

"माझा विश्वास आहे," मी म्हटलं. दोनांतलं एक तर मी शपथेवर सांगू शकत होते की त्याचं नाही.

"मग दोघं कोण ते हरामखोर?"

मी त्याला कॉफी दिली. हातात साखरेचं भांडंही दिलं. तो माझ्याकडे एवढ्या भाबडेपणाने बघत होता की मला ते भांडं स्वतःच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

आज संध्याकाळी चर्चच्या तळघरात शिकारीच्या मांसाचं जेवण, उद्या हरणांचा हंगाम सुरू होतो म्हणून. गेल्या वर्षीचं फ्रीजरमधलं सगळं संपवायचं असतं. अस्वलाचा रस्सा, मूस या थोराड हरणाच्या मांसाचे गोळे, आणि एका पातेल्यात जे होतं ते कोणी विचारलं नाही.

लाइल ताट घेऊन रांगेत. रश्श्याची पळी ब्यूलाकडे. तिने त्याच्या पुढच्याला वाढलं, मागच्याला वाढलं. याला नाही. तो ताट पुढे धरून तसाच उभा. बासष्ट वर्षांचा माणूस.

मी उठले. मला ठरवायला वेळच मिळाला नाही, नाहीतर उठले नसते.

"ब्यूला, वाढ त्याला. त्या दोनांतलं एक माझं होतं."

ब्यूलाने पळी खाली ठेवली. 

"तुझं?" ब्यूला म्हणाली. "अगं, का?"

आणि मग जे मी मार्चमध्ये वाफेत बोलायला हवं होतं, ते चर्चच्या तळघरात, अस्वलाच्या वासात, अख्ख्या गावासमोर बोलले. "कारण मला नवरा घरी हवाय. म्हणून."

ऑरिनचा घास तोंडातच राहिला. कान लाल झाले, पार शेंड्यापर्यंत. मग त्याने तो घास गिळला आणि म्हणाला, "जरा बटाटे इकडे दे."

कोणीतरी बटाटे दिले. ब्यूलाने लाइलला पळीभर वाढलं, जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे दुसरं तुझं."

"नाही म्हणतोय ना!" लाइल ओरडला. पण ताट काढून घेतलं नाही.

घरी येताना गाडीत ऑरिन एक शब्द बोलला नाही. फक्त एका वळणावर माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच गिअरवर नेला. रागावलाय की काय, कळत नाही. आता दोन वर्षं हेच डोक्यात घेऊन तिकडे जाईल, की बायकोनेसुद्धा आपल्याला मत दिलं नाही. मी काय करून बसले!

१२ नोव्हेंबर, शनिवार

लाइलची गाडी पहाटेच दारात, हरणांच्या शिकारीसाठी. ऑरिन बुटांच्या नाड्या बांधत होता. मान खाली घालून म्हणाला, "लाइलला छळू नका. दुसरं मत माझं. एझ्राचं काम कोणीतरी करायला हवं होतं."

मी थर्मास धरून उभी. म्हटलं, "आणि ते सिरप?"

"भयंकर होतं. तीनदा ओतावं लागलं, फोटोवाल्याचं लक्षच नव्हतं."

"मग सरळ पक्षाला नाही म्हणायचंस ना!"

"शब्द दिला होता, व्हर्ना. शब्द मोडता येत नाही. हरता येतं." थर्मास घेतला माझ्या हातातून. "तू मार्चमध्ये 'घरी राहा' म्हणाली असतीस तर दिलाच नसता."

लाइलने हॉर्न वाजवला. गेला तो.

अख्ख्या गावात त्याला घरी आणायला निघालेले आम्ही दोघंच. आणि एकाच टेबलावर जेवत होतो.